आधी जीव जाऊ दे

परीक्षकांनी उंदीर शेपटीला धरून उचलला, एकदा झटकला आणि कोपऱ्यातल्या बादलीत भिरकावला.

"मेलाय हा. मला धडधडतं हृदय बघायचंय, मुडदा नाही. दुसरा घे."

तिने मान हलवली. गेल्या वर्षी प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात याच टेबलावर, याच कारणावरून ती नापास झाली होती आणि तिसऱ्यांदा परीक्षेला बसू देत नसत. क्लोरोफॉर्मच्या बरणीत उंदीर लुळा पडला की लगेच काढायचा, हे तिला तोंडपाठ होतं. पण त्याची छाती हलायची थांबेपर्यंत तिचा हात झाकणाकडे जातच नसे. खाटकाची लेक ती. 'आधी जीव जाऊ दे, मग पुढचं,' हे तिने बाराखडीच्या आधी ऐकलेलं. बाबा बकऱ्याच्या डोळ्यांवर डावा तळहात ठेवत, एका घावात काम उरकत आणि बकरं पुरतं निपचित पडेपर्यंत कुणाला कातड्याला हात लावू देत नसत, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. कॉलेजात मात्र तिने एवढंच सांगितलं होतं, बाबांचं दुकान आहे. कसलं, ते सांगायची तिला लाज वाटे.

शेजारच्या टेबलावरचा उंदीर अर्धा फाडलेला असताना किंचाळला. कुणीतरी खिदळलं. कात्री पुन्हा चालू झाली.

"तोवर हा उघड," परीक्षकांनी दुसरा ट्रे सरकवला. खाऱ्या पाण्यात जिवंत तारामासा होता. "उंदीर आणि हा, दोघांतला फरक सांगत सांगत कापायचं."

सवयीने तिचा तळहात पुढे गेला आणि थबकला. याचा डोळा म्हणजे प्रत्येक भुजेच्या टोकाला एक लाल ठिपका. पाच डोळे आणि झाकायला एक हात. मान नाही, श्वास दिसत नाही. याचा जीव नेमका कुठून घ्यायचा, ते बाबांनाही सांगता आलं नसतं.

"आशीर्वाद देतेस काय त्याला?" परीक्षकांनी तिच्या हातातली कात्री हिसकावली आणि एक भुजा कचकन तोडली. तुटलेली भुजा आपल्या बारीक नळ्यांसारख्या पायांवर ट्रेमध्ये सरकू लागली. "ना मेंदू, ना कणा. काप बिनधास्त!"

तिने कापलं.

"उंदराचा कारभार मेंदूतून आणि कण्यातून चालतो, सर. याच्या तोंडाभोवती मज्जातंतूंचं कडं आहे आणि एकेक फांदी प्रत्येक भुजेत गेलीय. नळ्यांत पाणी खेळतं, त्या जोरावर हे पाय चालतात. एक भुजा तुटली तरी बाकीच्यांचं अडत नाही."

"आणि उंदराचं?"

"अडतं, सर."

दुसरा उंदीर तिने वेळेवर काढला. पायात टाचणी खुपसली तेव्हा तो अंगभर शहारला. तिने फासळ्या कापल्या. शेंगदाण्याएवढं हृदय भराभर उडत होतं. तेवढ्यात एक पाय टाचणीतून सुटला. तिने तो ओढून घेतला आणि टाचणी पुन्हा, आणखी खोल दाबली. उंदराचा डोळा उघडाच होता. तिला स्वतःची किळस आली.

"वा! हात काय बसलाय!" परीक्षकांनी कागदावर गुण मांडले. "घरात कुणी सर्जन आहे का?"

"नाही, सर."

संध्याकाळी ती दुकानात शिरली तेव्हा बाबा मटण तोडायचा ओंडका घासत होते.

"काय झालं?"

"पास झाले."

त्यांनी हातातला ब्रश टाकला, शेजारच्या दुकानदाराला हाक मारून सांगितलं, मग परत येऊन तिच्याकडे बघत उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, "एक विचारू? तिथं मेल्यावरच उघडता ना गं?"

"हो, बाबा."

"तेच म्हटलं. शिकलेली माणसं ती." त्यांचा चेहरा खुलला. "पुढच्या वर्षी एकदा येऊन बघेन म्हणतो तुमचं काम."

"नको!"

ती एवढ्या जोरात ओरडली की रस्त्यावरचा माणूस वळून बघू लागला. बाबांनी एकवार स्वतःच्या डागाळलेल्या ॲप्रनकडे पाहिलं आणि मागे हात नेऊन त्याची गाठ सोडू लागले.

"चांगले कपडे घालून येईन गं," ते म्हणाले. "आणि लांबच उभा राहीन."