संत्र्याचा सीन

“बाई, आमच्या मिसेसला बाहेर बोलवा.”

रुखमाबाई दाराच्या मधोमध सरकली. टॉकीजच्या जनान्याच्या दारावर ती चौदा वर्षं उभी होती. बाल्कनीतला पुरुष खेळ संपायच्या आधीच या दाराशी आलेला तिने पाहिला नव्हता. आणि आत, बायकांच्या बाकांवर, याची मिसेस नव्हतीच.

तिकिटघरावरच्या घड्याळात दोन अडतीस.

पाच मिनिटांपूर्वी त्याची बायको प्रेमिला मागच्या दाराने गेली होती. आवाज नको म्हणून चपला हातात. तिची पारशिवनीची एसटी तीनला सुटते. स्टँड पायी पंधरा मिनिटं. याच्या स्कूटरवर चार.

“खेळ सुरू हाय न जी,” रुखमाबाई म्हणाली. “बायका ओरडतीन माह्यावर.”

“शेवटचं रीळ टुकार आहे. मी पाहत नाही. तिनेही पाहायची गरज नाही.”

हे चंपतराव विमा कचेरीतले साहेब, शिवाय चित्रपट मंडळाचे चिटणीस. वीस वर्षांपूर्वीचा हा गाजलेला खूनपट मंडळानेच पुन्हा आणवला होता. त्याला अभिजात म्हणायचं की नाही, यावर रविवारच्या सभेत ते बोलणार होते. त्यासाठी आठवड्यात तिसऱ्यांदा आले. स्वतः वर बाल्कनीत, बायको खाली जनान्यात.

इथे थोडं मागे जायला हवं. फार नाही. परवापर्यंत.

परवा मध्यंतरात सगळा जनाना चहाला उठला, प्रेमिला उठली नाही.

“काहून वं बाई, पाणीगिणी नाई पीत?”

“जागेवरून हलू नको म्हणून सांगितलं त्यांनी.” मग पांढऱ्या पडद्याकडे पाहतच, “मावशी, हे मागचं दार उघडते का?”

नवरा मारतो का, हे जिभेवर आलं होतं. रुखमाबाईने विचारलं नाही. तिला त्याआधीच दिसलं होतं. या सिनेमातला जिन्यावरचा खून पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतला. जनान्यातल्या बायका तो फुटाणे खात पाहतात, वर खुन्याला शिव्या घालतात. पण त्याच्या आधी एक सीन आहे. नवरा संत्रं सोलतो. एकेका फोडीचे धागे काढतो, फोड बायकोच्या तोंडात घालतो आणि गोड आवाजात विचारतो, आज दारावर कोण आलं होतं? तिथे जनाना चिडीचूप होतो. आणि तिथे प्रेमिलाने पहिल्या दोन्ही खेपांना तोंडात पदराचा बोळा कोंबला होता.

मागचं इतकंच.

दोन एक्केचाळीस.

“बोलावता, की मी आत जाऊ?”

“पुरुषाले मनाई हाय जी.”

अशा माणसाला हात जोडून थांबवता येत नाही, हे रुखमाबाईला ठाऊक होतं. त्याला थांबवायचं तर त्याचं म्हणणं खोडावं लागतं.

“साहेब, सभेत काय सांगसान मंग? पिच्चर चांगला हाय का?”

एखादं स्टूल बोलल्यासारखं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. “तुम्ही पाहिला का कधी?”

“रोज तीनदा पायते.”

“मग ऐका. खून उत्तम. जिना, छत्री, भिंतीवरची सावली, पहिल्या प्रतीचं काम. पण अभिजात? मुळीच नाही. त्या संत्र्याने सगळा डाव घालवला. चार मिनिटं काही घडत नाही. नवऱ्याने आवाज चढवला नाही, हात उचलला नाही. मग ती बाई भिते कशाला? पटतच नाही.”

“तीनच मिनटं हाय तो सीन.”

“चार.”

“तीन, साहेब. बारा फोडी हायेत.”

“दहा आहेत.”

“बारा.”

चंपतरावांनी बोटं पुढे केली. पहिली फोड जवळून, दुसरी आरशात, तिसरी देताना कॅमेरा दाराकडे वळतो. ते मोजत गेले. दहावर आले. “मधातल्या दोन इसरले तुम्ही,” रुखमाबाई म्हणाली. त्यांनी परत पहिल्यापासून धरलं. ती नाही म्हणून मान हलवत राहिली. हो म्हटलं की हा माणूस हलणार.

दोन पन्नास. आत शेवटच्या रिळाचं संगीत चढत चाललं.

“तुम्हाला काय कळणार? तुम्ही बायका फुटाणे खाता.”

“खुनाच्या टायमाले खातो जी. संत्र्याच्या टायमाले कोणी नाई खात.”

चंपतरावांची बोटं तशीच हवेत राहिली.

मग आतले दिवे लागले आणि बायका बाहेर येऊ लागल्या. चंपतराव एकेक चेहरा पाहत होते. शेवटची म्हातारी काठी टेकत निघून गेली, तेव्हा त्यांनी रुखमाबाईच्या हातातला टॉर्च काढून घेतला आणि ते आत गेले. दिवे लागलेले असूनही टॉर्चचा उजेड एका बाकाखालून दुसऱ्या बाकाखाली सरकत होता. मागच्या दाराशी तो बराच वेळ थांबला.

तीन वाजून चार.

परत येऊन त्यांनी टॉर्च हळूच तिच्या तळहातावर ठेवला. आवाज मऊ होता.

“तुम्ही राहता कुठं, बाई?”

नंदनवन वस्तीतली खोली, दाराची एकच कडी, कडीचा ढिला खिळा, सगळं रुखमाबाईच्या डोळ्यांपुढे आलं.

“इथंच असते जी. तिन्ही खेळ.”

ते मान हलवून, कॉलर नीट करत पायऱ्या उतरले. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. कुठल्या बाजूला वळली, ते गर्दीत कळलं नाही.

तीनच्या खेळाच्या बायका दाराशी दाटल्या. रुखमाबाई तिकिटं फाडू लागली. एक पोरगी समोरून हलेना.

“मावशी, माहं अर्धं तिकीट द्या न. दोन्ही तुकडे तुमीच धरून राहिल्या.”

मूठ उघडत नव्हती. रुखमाबाईने टॉर्च काखेत धरला आणि दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवू लागली.

“थांब वं पोरी,” ती म्हणाली. “देते.”