दारावरचा चुगलखोर

मी स्पीकर बोलतोय. कपडे शिवायच्या कारखान्यात, बायकांच्या बाथरूमच्या दारावर ठोकलेला.

मला बनवलं गाणी वाजवायला. पहिल्या दिवशी इस्त्रीवाली मावशी हसून म्हणाली, "चला, मालकांना पाझर फुटला!"

पाझर कसला! गाण्याआड माझ्याकडून दुसराच आवाज काढून घेत होते. इतका बारीक, की माणसाच्या कानाला पत्ता लागू नये. पण बायकांच्या फोनमध्ये हजेरीचं ॲप होतं, त्याला तो ऐकू जायचा. कोण आत गेली, किती मिनिटं थांबली, सगळं फोन ऑफिसात कळवायचा. मला चुगलखोर केलं मेल्यांनी!

बटणांची काजं करणारी एक पोर होती, नवीन लग्न झालेली. मध्येच तिच्या फेऱ्या वाढल्या. नळ मोठा सोडून ओकायची, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. नवऱ्यालाही अजून सांगितलं नव्हतं तिने.

एके दिवशी सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, "काल अकरा वेळा? दिवस गेलेत काय गं?"

ती मान खाली घालून काजं करत राहिली. शनिवारी तिला सांगितलं, सोमवारपासून येऊ नकोस.

संतापाने माझ्या तारा तापल्या. पण मी ओरडलो, तरी ऐकणार कोण?

मावशी मात्र विचारात पडली. "दारात माणूस नाही, मग अकरा मोजले कुणी? ही खिशातल्या फोनचीच भानगड आहे."

सोमवारी सोळाजणींनी आपापले फोन एका बादलीत घातले, बादली आत ठेवली आणि कामाला बसल्या. दोन तासांनी सुपरवायझर धावत आला.

"सोळाजणी आत काय करताय?" ओरडला आणि समोर बघतो तर सगळ्या जागेवर.

मावशीने इस्त्री उभी ठेवली. "आम्ही तर इथेच आहोत, साहेब. आत आहोत, असं तुम्हाला कोण बोललं?"

 एकेकीने आपलं मशीन बंद केलं.

त्याच संध्याकाळी मला उतरवलं. त्या पोरीला परत बोलावलं. ती आली, ती फक्त आपली कात्री न्यायला.

"राहा की गं," मावशी म्हणाली.

"मावशी, ती बातमी आमच्या ह्यांना माझ्या तोंडून कळायची होती. गल्लीतून कळली."

आता मी सामानाच्या खोलीत पडलोय. काल मॅनेजर वायरमनला सांगत होता, "हा जेवायच्या खोलीत लाव. तिथे फार वेळ बोलत बसतात बाया. कोण किती वेळ, ते कळू दे."

बायांनो, माझी गय करू नका. मला लावायच्या आत माझा आवाजाचा पडदा फाडा. तुमच्या हातातली एक सुई पुरे.