वार विचारायचा राहिला

कपडे शिवून देणाऱ्या आईने दवाखान्यातली प्रश्नावली पाच मिनिटांत भरून टाकली. मूल उदास दिसतं का? नाही. रडतं का? नाही. तिच्या तेरा वर्षांच्या स्वमग्न लेकीने गेले तीन महिने एकदाही आदळआपट केली नव्हती. शाळेतूनही कौतुक आलं होतं, आता कशी शहाण्यासारखी बसते म्हणून.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ते मात्र पहिल्याच पानावर, 'उदास दिसतं का?'पुढे 'हो' लिहून अडले होते.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "मुलगी एकच आहे ना तुमची?"



"ती माझ्याबरोबर कामावर यायचं म्हणत नाही आता," बाबा म्हणाले. "आधी सुट्टीच्या दिवशी पाठ सोडायची नाही. आवाजावरून लिफ्ट ओळखायची. आणि परवा..." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "परवा विचारलंन, मी नसले तर माझ्या खोलीत किती जागा होईल? मी म्हटलं, दहा बाय नऊ. मला वाटलं, गणितच घालतेय."

 गेल्या आठवड्यात लेकीने आईची मापं घ्यायची टेप मागून नेली होती. पोरीचं कशात तरी मन लागलं म्हणून ती हरखली होती.

लेकीला आत बोलावलं. बाईंनी सरळच विचारलं, "तुला मरून जावंसं वाटतं का?"

आई अर्धी उठलीच. "अहो, नको ते डोक्यात घालाल तिच्या!"

"विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. असलं तर बाहेर येतं."

लेक पंख्याकडे बघत म्हणाली, "मंगळवारी आणि गुरुवारी."



"तेव्हाच का?"

"तेव्हा मोठ्या मुली आमच्या वर्गात डबा खायला येतात. म्हणतात, तू मेलीस तर एक जागा होईल."

"घरी का नाही सांगितलंस?"

"कुणी वार विचारला नाही. आई विचारते, बरी आहेस ना? त्याला हो म्हणायचं असतं."



तिला एकटं सोडायचं नाही, दर आठवड्याला दाखवायला आणायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी बाबा काम टाकून शाळेत जाऊन बसले आणि त्या मुलींची डब्याची वेळ बदलून घेऊनच उठले. आईने मशीन लेकीच्या खोलीत हलवलं. पण धास्ती काही हलेना. लेकीकडून पाचेक मिनिटं आवाज आला नाही, की तिची शिवण वाकडी जायची.

चौथ्या गुरुवारी तिने हिय्या केला. "आज वाटलं का गं तसं?"

लेकीने हातातली वही शेजारी ठेवली.

"वाटलं. मागच्या गुरुवारपेक्षा कमी."

हसावं की रडावं, आईला कळेना. "बरं केलंस सांगितलंस," म्हणत ती कशीबशी लेकीशेजारी टेकली. "आणि आत्ता, या क्षणी?"

"आत्ता तू माझ्या वहीवर बसली आहेस."