चारचा फोन

रोज दुपारी चारला फोन यायचा. नंबर दिसायचा नाही, पलीकडून कोणी बोलायचंही नाही. मी कपडे दुरुस्त करणारी बाई, हातात कापड आणि तोंडात टाचण्या. फोन स्पीकरवर टाकायचे, दोनदा "कोण?" विचारायचे आणि पुन्हा मशीनवर पाय मारायला लागायचे. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचा मला मनापासून तिटकारा. बोलायचं नसेल तर बस ऐकत, म्हणायचे. पाचेक मिनिटांनी फोन बंद व्हायचा.

मशीन आईची. दर फेऱ्याला टक् करून अडखळते. तिच्यावरूनच धाकट्या भावाशी अकरा वर्षं अबोला. आई गेल्यावर मी ती उचलून आणली. तुला शिवणातलं ओ की ठो कळत नाही, तुला कशाला हवी, असं त्याला चारचौघांत बोलले. तो हट्टी, मी त्याच्या वरताण. तो आजारी असल्याचं उडत उडत कानावर आलं होतं. तरी त्यानं आधी बोलावं, एवढंच मला हवं होतं.

लेकीला ते फोन खटकायचे. अशानंच लोक फसतात, म्हणाली. तिनं माझ्या फोनवर दोन बोटं फिरवली आणि नंबर लपवणाऱ्यांचे फोन बंद केले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मीही खूश.

महिन्याभरानं भाऊ गेला. मी गेले, बसले, उठले. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

निघताना भावजय दारापर्यंत आली. "ताई, तुमचा फोन बिघडला होता का हो?"

मी म्हटलं, नाही.

"रोज चारला खोलीचं दार लावून फोन कानाला लावायचे. विचारलं तर म्हणाले, आईची मशीन ऐकतोय. शेवटचा महिना फोन लागेनाच. मग म्हणाले, ताईनं मशीन विकलेली दिसते."

मी चपला घातल्या आणि घरी आले. फोनवरची ती बंदी लेकीला उठवायला लावली. कारण तिनं विचारलं, मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारला फोन मशीनशेजारी ठेवून शिवायला बसले. बऱ्याच वेळानं लेकीनं खांद्यावर हात ठेवला. सुईत दोरा नव्हता. कापडाला नुसती भोकं पडली होती.