चुगलखोर पट्टे

पॅकिंग खात्यात प्रत्येकीच्या कमरेला पट्टा आला, तेव्हा सुपरवायझरबाईंनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "हा तुमच्या पाठीसाठी आहे. याच्यावरून कुणाची नोकरी जाणार नाही." जास्त वाकलं की पट्टा पीं करायचा आणि खात्यातल्या पडद्यावर तिचं नाव लाल व्हायचं. मेजं होती बुटकी, म्हणून बायका गुडघे टेकून खोकी भरायला शिकल्या आणि पट्टे गप्प बसले. बाईंच्या नणंदेचा गुडघा मात्र आधीच कामातून गेलेला. ती वाकायची आणि तिचा पट्टा दिवसभर गळा काढायचा.

आज साहेबांनी बाईंना बोलावलं. "ज्यांचे पट्टे जास्त वाजतात त्यांची नावं द्या. उद्या पाठी धरल्या तर भरपाई आपल्या गळ्यात. आधीच घरी पाठवू."

बाईंचं डोकं सणकलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! "नावं मिळणार नाहीत, साहेब. मी शब्द दिलाय."

"मग सकाळी मीच पडद्यावर बघतो."

चहाच्या सुट्टीत बाईंनी सगळं सांगून टाकलं. नणंद रडकुंडीला आली. "वहिनी, मी पट्टा काढूनच ठेवते."

"आणि पाठ मोडल्यावर काय करशील?" बाई कडाडल्या. मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "उद्या कुणीही गुडघे टेकायचे नाहीत. मेज वाकवेल तेवढं वाकायचं."

सकाळी साहेब पडद्यासमोर उभे राहिले. काम सुरू झालं आणि सगळे पट्टे एकदम कोकलले. पडद्यावर वरपासून खालपर्यंत सगळी नावं लाल! साहेबांनी कानांवर हात ठेवले. "हे काय चाललंय?"

"रोजचंच काम," बाई म्हणाल्या. "आता सगळ्यांना घरी पाठवा, नाहीतर मेजं उंच करा. आणि पडद्यावरची नावं काढा. मेजाचा नंबर दिसला तरी पुरे."

बाहेर माल न्यायला गाड्या ताटकळत होत्या. साहेबांनी एक खोकं स्वतः भरून पाहिलं, सरळ होताना "आई गं!" केलं आणि सुताराला बोलावलं.

दुपारपर्यंत मेजांच्या पायांखाली ठोकळे बसले. पडद्यावर नुसते नंबर राहिले. नणंद ताठ उभी राहून खोकी भरत होती.

"वहिनी, ऐक ना!" ती ओरडली.

"काय गं?"

"काहीच वाजत नाहीये!"

सगळ्यांनी हात थांबवून कान दिला. खरंच, एकही पट्टा पीं करत नव्हता. मग बायकांनी अशी आरोळी ठोकली, की साहेब केबिनमधून धावत बाहेर आले.