मंगलाच्या खाटेवरचा तांब्या

सिल्वासाजवळ मसाटच्या कारखान्यांमागे एक पत्र्याची शेड होती. गुरुवारी पाळी सुटली की ती माणसांनी गच्च भरायची. धुळ्या-नंदुरबारचे कामगार, सिल्वासातले दुकानदार, सरकारी क्वार्टरमधल्या बायका, सगळे मांडीला मांडी लावून बसत. समोर गादीवर रमाकांत महाराज. कानांवरून गुंडाळलेला भगवा रुमाल, पाठीमागे भगवा पडदा. वर्षभरापूर्वी हेच महाराज गलोंड्याला प्लास्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर होते. मग त्यांना दिव्यदृष्टी आली आणि त्यांची नोकरी गेली. यातलं आधी काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी हार्डवेअरवाला गोकुळ पुढे बसला होता. महाराजांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "गोकुळ, तू इथे देवापुढे, आणि तुझ्या गल्ल्यामागच्या स्टुलावर मांजर. धंदा कोण बघतंय रे?"

गोकुळने दुकानात फोन लावला. नोकराने मान वळवून पाहिलं, तर स्टुलावर मांजर. शेड जयजयकाराने दणाणली. महाराजांची नजर अशी कोसभर लांब जायची. फक्त वीज गेली की ते मौनात जात. भक्त म्हणत, देवालाही विश्रांती हवी.

श्रीकांत मागे भिंतीला टेकून बसला होता. तो सरकारी कचेरीत कारकून. त्याची बायको मंगला लांबलेल्या दुखण्यात अंथरुणाला खिळून वारली होती. महाराजांनी त्याला पहिल्याच गुरुवारी गाठलं होतं. "रोज सकाळी रिकाम्या खाटेपाशी चहाचा कप ठेवतोस. काल उशीवर डोकं टेकून म्हणालास, मंगल, तुला इतकं दुखत होतं ते मला कळलंच नाही." हे खोलीबाहेर कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. श्रीकांतने पाय धरले. त्याने एकच विचारलं, तिला अजून दुखतं का?

महाराज हळूच म्हणाले, "दुखतं. अजून त्या खाटेवर येऊन बसते. जिने तिला खाल्लं, ती तुझ्याच घरात जेवते."

ती म्हणजे मंजुळाबाई, मंगलाची आई. लेकीच्या सेवेला खानवेलहून आली आणि लेक गेल्यावर जावयाच्या पोटात दोन घास पडावेत म्हणून राहिली. महाराजांना सारं दिसलं होतं. म्हातारी लेकीच्या तळव्यांना तेल चोळायची आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटायची. पुटपुटायची ती जात्यावरची गाणी, पण मंत्र आणि गाणं यात फरक करायला महाराज बसले नव्हते. त्या दिवशी त्यांनी फैसला दिला. पुढच्या गुरुवारी म्हातारीने उकळत्या तेलातून रुपया काढायचा. हात भाजला नाही, तर ती निर्दोष.

तो आठवडा श्रीकांत तिच्या हातचं जेवला नाही.

खालच्या मजल्यावर केतकी राहायची. शाळेत कॉम्प्युटर शिकवायची, मंगलाच्या आजारपणात रोज वर येऊन बसायची. तिने श्रीकांतला परोपरीने समजावलं. तो एवढंच म्हणाला, "त्यांना माझा चहाचा कप दिसला, केतकी. तुला दिसला होता का?"

मग केतकी त्याच्या वायफायच्या डब्यापाशी बराच वेळ लॅपटॉप घेऊन बसली. उठली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. मंगलाच्या खाटेवर एक तांब्या ठेवू द्या, आणि आत काय आहे ते तुम्हीसुद्धा बघू नका. तिने स्वयंपाकघरात तांब्या भरला, तोंडाला लाल फडकं बांधलं आणि खाटेवर आणून ठेवला.

गुरुवारी शेडमध्ये कढई तापत होती. श्रीकांतने सासूला स्वतः रिक्षातून आणलं होतं. तिला वाटलं, लेकीसाठी काही पूजा आहे. ती स्वच्छ लुगडं नेसून आली होती.

केतकी गर्दीत उभी राहिली. "महाराज, मंगलाताईंच्या खाटेवर आत्ता काय आहे?"

महाराजांनी डोळे मिटले, रुमालावरून कान दाबला. "तांब्या. लाल फडकं बांधलेला."

"आत काय आहे?"

महाराजांनी पुन्हा कान दाबला. मग म्हणाले, "बिब्बे, केस, मसणातली हाडं. या म्हातारीने त्यात घातलेत."

गर्दी उसळली. केतकीने गोकुळला श्रीकांतच्या घराची चावी देऊन तांब्या आणायला पिटाळलं आणि सगळ्यांना विनवू लागली, तो येईपर्यंत थांबा.

"तेल कुणासाठी थांबत नाही," महाराज म्हणाले.

"टाका हात," मागून बायका म्हणाल्या. म्हातारी कढईकडे आणि जावयाकडे आळीपाळीने बघत होती. श्रीकांतने तिचं मनगट धरलं आणि खाली दाबलं.

गोकुळ तांब्या घेऊन पोचला, तेव्हा ती जमिनीवर पडून तडफडत होती. केतकीने फडकं सोडून तांब्या उपडा केला. गादीवर खडू पडले. पांढरे, फळ्यावर लिहायचे.

"माझ्या शाळेतले खडू. मी ठेवले होते," केतकी म्हणाली. "यांच्या देवाला फडकं दिसलं, फडक्याखालचं दिसलं नाही. असा देव फक्त कॅमेरा असतो."

तिने पडदा ओढला. मागे पप्पू बसला होता, सिल्वासात घरोघरी कॅमेरे बसवणारा. त्याच्या पुढ्यात लॅपटॉप, हातात फोन. महाराजांच्या रुमालाखाली इअरफोन निघाला. लॅपटॉपवर मंगलाची खाट दिसत होती, रिकामी.

केतकीने सांगितलं ते असं. मंगला आजारी असताना श्रीकांतला ती कचेरीतून दिसावी म्हणून पप्पूनेच खोलीत कॅमेरा बसवला होता. वायफायचा डबा घरातल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, आणि तो बदलत राहतो. पप्पूने कॅमेऱ्याला न बदलणारा नंबर दिला. मग डब्याला सांगून ठेवलं की बाहेरून या दाराशी जो येईल, त्याला थेट त्या नंबराकडे ने. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात, आणि यात पाप काही नाही. श्रीकांत त्याच दाराने बायकोला बघायचा. पण कुलूप म्हणून कॅमेऱ्याच्या कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेला, आणि तो पप्पूला पाठ होता. मंगला गेली, दार उघडंच राहिलं. गोकुळच्या दुकानातही तेच.

"मी दार बंद करू शकत होते," केतकी म्हणाली. "मग हे म्हणाले असते, देव रागावला. म्हणून उघडं ठेवलं." एवढं बोलून ती म्हातारीपाशी खाली बसली आणि तिच्या हातावर पाणी ओतू लागली.

मघाशी हात टाका म्हणणारे आता तितक्याच हौसेने पप्पूला आणि महाराजांना तुडवत होते. एक बाई मात्र शेजारणीला विचारत होती, "पण मांजर खरंच होतं ना?"

श्रीकांत लॅपटॉपपाशी गेला. पडद्यावरच्या खाटेकडे बघत त्याने विचारलं, "मग ती तिथे बसत नाही?"

"नाही, भाऊजी," केतकी म्हणाली. "कधीच नव्हती."

पोलीस आले, दोघांना घेऊन गेले. मंजुळाबाईच्या उजव्या हाताची बोटं डॉक्टरांना वाचवता आली नाहीत. दवाखान्यात श्रीकांत खाटेच्या पायाशी उभा राहायचा. एके दिवशी धीर करून म्हणाला, "आई, त्या माणसाने मला फसवलं. घरी चला."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. "तेल त्याचं होतं, जावईबापू. मनगट कोणी धरलं होतं?"

तिचा भाचा तिला खानवेलच्या बसमध्ये बसवून घेऊन गेला. त्यानंतर ती सिल्वासाला आली नाही.

घरात कॅमेरा असेल तर आज त्याचा पासवर्ड बदला. बाहेरून बघायची गरज नसेल तर ते दार बंद करा. हे शिकायला एक दुपार पुरते. कुणी दिव्यदृष्टी सांगत आला, तर त्याला फडक्याखालचं विचारा. आणि देवाच्या, भुताच्या, चेटकाच्या नावाने कुणी तुम्हाला दुसऱ्याचा हात धरायला सांगितला, तर आधी हात सोडा. विचार नंतर केलात तरी चालेल.