पस्तीसची लेन्स आणि छोटी बॅग

असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं तिला सगळेच ऐकवायचे. सासूबाई ऐकवायच्या, शेजारीण ऐकवायची, स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला आलेली परकी बाईसुद्धा जाता जाता ऐकवून जायची. आणि त्यात खोटं तरी काय होतं? माणूस देवमाणूस. व्यसन नाही, आरडाओरडा नाही, बायकोला सोडून कुठे एक पाऊल टाकत नाही. आता या शेवटच्या गुणानेच तिचा जीव घुसमटत होता, पण हे सांगायचं कुणाला? हिला सुख बोचतंय, असंच म्हणाले असते लोक.

खाली स्टुडिओ, वर घर आणि मधे एक अरुंद जिना, एवढं दोघांचं जग. लग्नं, वाढदिवस, शाळांचे समारंभ, जे काम येईल ते घ्यायचे. तो फोटो काढायचा आणि ती त्याच्या डाव्या खांद्यामागे उभी राहायची. कॅमेऱ्याला लावलेला डोळा न काढता तो मागे हात पसरायचा, आणि ती त्या हातावर पुढची लेन्स ठेवायची, मागचं झाकण काढून, जोडणीची लाल खूण वर करून. कोणती हवी हे तो कधी सांगत नसे. खांदा जरा वळला की तिला कळायचं. भर गर्दीत, धक्काबुक्कीतही तिची कधी चूक झाली नाही. लोक तोंडभरून कौतुक करायचे, आणि फोटोखाली नाव अर्थातच त्याचं.

तर ही बाई आता चार दिवस डोंगरात निघाली होती, आणि तेही नवऱ्याशिवाय. शाळेतली एक मैत्रीण, जन्मात कधी एका जागी बसली नाही म्हणून जिचं नाव भिंगरी पडलं, ती दरवर्षी काही बायकांना घेऊन डोंगर चढायची. "ये तूही," भिंगरी म्हणाली होती. "कॅमेरा आण आणि तुला दिसेल ते काढ." झालं. त्या एका वाक्याने तिची झोप उडाली. आपल्याला काय दिसतं हे तिला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्याच्या खांद्यामागून दिसून दिसून दिसणार किती? ते एकदा बघायचं होतं. कुणाचा हात मागे येणार नाही अशा ठिकाणी, मनाला येईल तिथे थांबून.

नवऱ्याने नाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. तो उलट खुलला. "अगं जा की. चल, तुला लेन्स आणि बॅग घेऊ या."

कॅमेऱ्याचं दुकान ओळखीचंच होतं. तिने वाटेतच ठरवून ठेवलं होतं आणि आत शिरल्या शिरल्या सांगून टाकलं. पस्तीस मिलिमीटरची एकच लेन्स. हलकी, आखूड, साधारण उभ्या माणसाला दिसतं तेवढंच दाखवणारी. काही जवळून हवं असेल तर पाय आहेत की. आणि बॅग छोटी. कॅमेरा, पाण्याची बाटली, एक स्वेटर मावला की पुरे.

"पस्तीस फक्त?" नवरा हसला. "समोर अख्खी दरी उघडली तर वाइड नको? पलीकडच्या कड्यावर पक्षी बसला तर काय करशील?"

"बसू दे की त्याला."

दुकानदाराला हसू आलं. "वहिनींचं बरोबर आहे, दादा. चढणीला लागलं की किलोभर वजनही मणभर वाटतं."

तिला त्या दुकानदाराचे पाय धरावेसे वाटले. त्याने पस्तीसची लेन्स काढून दिली, छोटी करड्या रंगाची बॅग खाली उतरवली. तिने ती पाठीला लावून पाहिली आणि पट्टे ओढले. बॅग पाठीला अशी बसली की असून नसल्यासारखी. क्षणभर तिला वाटलं, जमलं.

तोवर नवरा काउंटरवरचा कॅमेरा उचलून खिडकीशी गेला होता. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर पारवे बसले होते. त्याने डोळा लावला, डावा खांदा किंचित पुढे केला आणि मागे हात पसरला.

तिने काउंटरवरची लांब झूम लेन्स उचलली, झाकण काढलं, खूण वर केली आणि त्याच्या हातावर ठेवली.

ठेवली, आणि मग तिच्या लक्षात आलं. चांगलं डोकं ठिकाणावर असताना, स्वतःच्या हाताने.

"बघ," तो वळून म्हणाला. "तुलाही वाटलंच ना, ही हवी म्हणून?" आणि त्यात कुरघोडी नव्हती हो, खरोखरचा आनंद होता. आता काय बोलणार? झूम आली, मग तिच्या सोबतीला वाइड आली, मग कॅमेरा ठेवायची तिपाई आली. छोट्या बॅगेत मावेना म्हणून मोठी आली, कप्प्यांची, कमरेला पट्टा असलेली. सगळं भरून ती तिच्या पाठीवर चढवली तेव्हा तिला दोन पावलं मागे जावं लागलं.

"छे, हे तुला नाही झेपायचं," नवरा म्हणाला. मग त्याचा चेहरा उजळला. "त्यात काय एवढं. मी येतो. भिंगरीला सांगू, बायकांच्या मागून एक हमाल चालेल म्हणून. तू फोटो काढ, बॅग मी सांभाळतो."

बॅग तिच्या पाठीवरून त्याच्या पाठीवर गेली. दुकानदाराने छातीचा आणि कमरेचा पट्टा लावून दिला आणि पावसाचं कव्हर शोधायला तो आतल्या खोलीत गेला. नवरा आरशासमोर उभा राहून स्वतःला न्याहाळत होता. इतका खूश तो कितीतरी दिवसांत दिसला नव्हता. आत्ता नाही बोलले तर जन्मात नाही, हे तिला कळत होतं.

"मला एकटीला जायचंय," ती म्हणाली.

तो आरशातूनच तिच्याकडे बघत राहिला. "माझं काही चुकलं का?"

"नाही. तुमचं काही चुकत नाही. कधीच नाही चुकत." तिचा आवाज फुटला. "पण तुम्ही आलात तर मी पुन्हा तुमच्या मागेच उभी राहीन. मी कशी आहे ते मला माहितीये. आत्ताही बघितलंत ना?"

तो छातीचा पट्टा सोडवायला गेला, तर बोटं चाचपडायला लागली. तिचे हात शिवशिवले, तिने ते मागे धरून ठेवले. "दोन्ही बाजूंनी दाबा," एवढंच म्हणाली. पट्टा सुटला. त्याने मोठी बॅग उतरवली, तिच्यातून पस्तीसची लेन्स शोधून काढली, छोट्या बॅगेत नीट ठेवली आणि चेन ओढून बॅग तिच्या पुढे सरकवली. चांगला माणूस म्हणतात तो असा. तिला त्याची दया आली, आणि आपल्याला दया येतेय याचा रागही आला.

"परत येशील ना?" त्याने हसत विचारलं, पण हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं.

"म्हणजे काय? न येऊन जाणार कुठे?"

आपण सगळेच बोलतो तसं ती सहज बोलून गेली. त्याचा जीव भांड्यात पडला. तो मोकळेपणी हसला, मोठ्या बॅगेचे पट्टे आवळून ती जागच्या जागी ठेवायला लागला. तिचं तोंडही हसायला उघडलं होतं, ते तसंच राहिलं. कुठे जाणार? तिने खरंच मनात शोधून पाहिलं. डोंगर चढायचा, डोंगर उतरायचा, मग तो अरुंद जिना, मग स्टुडिओ, मग डावा खांदा. दुसरं काही डोळ्यांसमोर येईना.

दुकानदार कव्हर घेऊन बाहेर आला. "मग कोणती बांधू, वहिनी?"

"छोटी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. नवऱ्याला वाटलं, आनंद झाला बाईला.